भेग बुजली, मग आवाज कशाचा?

"भाऊ, भेग बुजनी ना, मंग आते आवाज कसाना?" लॅबमधले मिस्तरीकाका आज स्क्रीनकडे बघत बोलले आणि तेव्हापासून तेच डोक्यात फिरतंय.

बीम बॅक्टेरियावाल्या काँक्रीटचा. भेगेत पाणी शिरलं की जिवाणू जागे होतात, चुनखडी तयार करतात आणि भेग भरते, वरून नुसती पांढरी रेघ दिसते. पण परत लोड (भार) द्यायला लागलो तसे बीमला चिकटवलेल्या, आतल्या तुटण्याचा बारीक आवाज टिपणाऱ्या सेन्सरवर सिग्नल सुरू, कानाला काहीच नाही कारण आपण फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि हे बहुतेक त्याच्या वरचं.

जोसेफ कायझर या जर्मन संशोधकाने १९५० मध्ये धातूंवर दाखवलं होतं की आधी जेवढा लोड सोसलाय तेवढ्यापर्यंत नमुना साधारण गप्प राहतो. मग बुजलेली भेग त्याआधीच बोलली तर? काका, ती बऱ्याचदा चांगली खूण असते! म्हणजे चुनखडीने खरंच भार घेतला होता आणि आता ती तुटतेय. नुसती वरवर झाकलेली भेग गुपचूप उघडते. अर्थात भेगेच्या कडा घासल्या तरी सिग्नल येतो, ते वेगळं काढणं हेच खरं अवघड काम.

आणि हे झालं एका लोडचं. तापीच्या पुलावरून रावेर-यावलचे केळीचे ट्रक रोज जातात, एकेकाचा भार पुलाला काहीच नाही पण तोच लाखो वेळा पडला की आतून बारीक बारीक तुटत जातं, आणि आपण बघतो जास्त करून डोळ्यांनीच.

जुन्या पुलांना असे चार सेन्सर कायमचे लावून ठेवायला काय हरकत आहे?