बाईकच्या पांढऱ्या पडलेल्या ॲल्युमिनियमला परत चमक आणताना: माझा अनुभव

बाईक जुनी आहे, इंजिन अजून ठणठणीत, पण बघायला गेलं तर इंजिनचे साइड कव्हर, फूटरेस्टचे ब्रॅकेट, फोर्कचा (पुढचं चाक धरणाऱ्या नळ्यांचा) खालचा भाग सगळं पांढरट आणि मळकट पडलेलं. धुतलं की ओलं असेपर्यंत झकास दिसायचं आणि वाळलं की परत येरे माझ्या मागल्या. म्हटलं एकदा हे नीटच करायचं, वरवर नाही.

बहुतेक लोक सांगतात मेटल पॉलिश आण आणि घास. पण त्याआधी बघायचं असतं की आपण नक्की घासतोय काय. पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन कोपऱ्यात चोळायचं, फडकं लगेच काळं झालं तर उघडं ॲल्युमिनियम, फडकं पांढरंच राहिलं तर वर काहीतरी थर आहे, म्हणजे बहुतेक कंपनीचं लॅकर, पारदर्शक रंगासारखा थर. माझे ब्रॅकेट उघडे निघाले, दोन्ही कव्हरवर लॅकर होतं आणि त्या लॅकरच्या खाली नागमोडी पांढऱ्या रेघा पसरल्या होत्या. एखादा खडा उडून लॅकरला टवका गेला की तिथून ओल आत शिरते आणि मग गंज खालून सरकत जातो, वरून कितीही पॉलिश लावा त्याला काही फरक पडत नाही.

रिमचं प्रकरण वेगळं, ते अॅनोडाइझ्ड. ॲल्युमिनियम हवेत उघडं पडलं की लगेच त्यावर ऑक्साइडचा जेमतेम काही नॅनोमीटरचा थर येतो आणि तोच खरं तर आतल्या धातूला सांभाळतो, अॅनोडायझिंगमध्ये तोच थर मुद्दाम जाड करतात, साधारण 5 ते 25 मायक्रॉन. हा थर वीज वाहू देत नाही, त्यामुळे मल्टिमीटरच्या दोन्ही पिना हलक्या हाताने टेकवल्या आणि बीप आला नाही तर वर लॅकर तरी आहे नाहीतर अॅनोडायझिंग तरी, म्हणजे थेट सँडपेपर मारायचा नाही. रिमला मी नुसतं साबणाच्या पाण्याने धुतलं आणि सोडून दिलं, तो थर एकदा घासून गेला की घरी परत आणता येत नाही.

कव्हर खोलायचं काम कंटाळवाणं. ऑइल काढलं, स्क्रू काढायला इम्पॅक्ट ड्रायव्हर (हातोडीने ठोकला की स्क्रू फिरवणारा) घेतला, कारण जुन्या जपानी इंजिनचे स्क्रू दिसतात साध्या प्लससारखे पण त्यांची खाच वेगळी असते, साधा स्क्रूड्रायव्हर घसरतो आणि डोकं खाऊन टाकतो. एका पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढला, जिथे जो स्क्रू होता तिथेच भोक पाडून खोचून ठेवला. लांबी वेगवेगळी असते, लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर केसिंगलाच तडा जायचा. गॅस्केट बसते त्या कडेला आणि ऑइलच्या भोकांना टेप लावला, त्या कडेवर पेपर अजिबात फिरवायचा नाही, नाहीतर नंतर ऑइल गळत बसणार.

लॅकरला जेलवाला पेंट रिमूव्हर, जाड थर लावून वर प्लॅस्टिकची पिशवी झाकली म्हणजे वाळत नाही, थोड्या वेळाने सगळं सुरकुतून वर येतं. डब्यावर ॲल्युमिनियमला चालतो असं लिहिलेलं बघून घ्या, कॉस्टिक सोडा असलेलं काहीही नको, ते ॲल्युमिनियमलाच खातं, फेस येतो आणि वर काळपट साय धरते. स्टील वूल आणि लोखंडी ब्रश पण लांब ठेवा, लोखंडाचे कण मऊ धातूत रुततात आणि ओल लागली की तिथूनच परत गंज सुरू.

आणि आता पेपर. खरी चमक इथेच ठरते, पॉलिश फक्त शेवटचा हात आहे. नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. जिथे खड्डे होते तिथेच 320 नंबर, मग सगळीकडे 400, 600, 800, 1000, 1500, 2000, सगळं पाण्यात, पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब. प्रत्येक नंबरला दिशा बदलायची, 400 आडवा मारला तर 600 उभा, आणि आडवा एकही चरा दिसेनासा होईपर्यंत पुढचा नंबर हातात घ्यायचा नाही. नंबर बदलताना भाग धुवायचा, पाणी पण बदलायचं, आधीच्या पेपरचा एक कण राहिला तरी 1500 ला लांबलचक ओरखडा देतो. मोबाईलचा टॉर्च अगदी आडवा धरला की जे समोरून दिसत नाही ते सगळं दिसतं, मला क्लच कव्हरच्या गोलाईत 400 चे चरे असेच सापडले, वरून बघताना ते आरशासारखं वाटत होतं. काही खड्डे घासताना अजून खोल जातात, ती ओतकामातली पोकळी असते, तिच्या मागे लागायचं नाही, धातू पातळ होतो बाकी काही नाही.

बफिंग, म्हणजे फिरत्या कापडी चाकाने चमकवणं, ड्रिलवर केलं. आधी शिवलेलं कापडी चाक आणि तपकिरी साबण (धुण्याचा नाही, चाकाला लावायची पॉलिशची वडी), मग सुट्ट्या कापडाचं चाक आणि पांढरा साबण, दोघांची चाकं वेगळी. चाक कडेवरून बाहेरच्या बाजूला फिरत गेलं पाहिजे, कडेच्या समोरून आत आलं की कव्हर हातातून हिसकावून घेतं. फडकं काळं होत राहतं त्याने घाबरू नका, तो ॲल्युमिनियमच निघतोय, तो थांबायची वाट बघाल तर कव्हर संपेल. काळ्या रेघा चिकटून बसत असतील तर साबण जास्त झालाय. मास्क आणि चष्मा हवाच, आणि त्याच टेबलावर ग्राइंडरने लोखंड घासू नका, ॲल्युमिनियमची बारीक धूळ ठिणगीने पेटते.

ब्रॅकेट मात्र मी मुद्दाम आरसा केले नाहीत. 600 नंतर राखाडी स्कॉच-ब्राइट एकाच दिशेने फिरवलं आणि थांबलो, बुटाची जागा आहे, तिथे आरसा किती टिकणार, आणि सॅटिन फिनिश, म्हणजे मंद चमक, मला तसंही जास्त आवडतं.

शेवटी कोमट साबणाच्या पाण्याने धुतलं, अक्षरांच्या खाचांत जुना टूथब्रश, मग नवीन गॅस्केट टाकून कव्हर बसवलं. परत लॅकर मारायचं का यावर मतं वेगवेगळी असतील, मी नाही मारलं, परत टवका गेला की परत सगळं खरवडा हे कोण करणार. मेण लावलं, इंजिन तापतं तिथे ते लवकर उडतं त्यामुळे अधूनमधून पॉलिशचा एक हात मारून परत लावावं लागतं, पावसात फिरून आलो तर जरा लवकर. फोर्क अजून तसेच पांढरे आहेत, ऑइल सील बदलायला ते खोलावे लागतीलच तेव्हा बघू, आणि तिथे काम करताना पॉलिश ब्रेक डिस्कवर उडणार नाही अशी झाकून.