यूरिक ॲसिड वाढले म्हणून रक्तदाब वाढला का?

तपासणीच्या अहवालात यूरिक ॲसिड आणि रक्तदाब हे दोन्ही वाढलेले दिसले की रुग्ण मला हमखास विचारतात, की पहिल्यामुळे दुसरे झाले का, आणि यूरिक ॲसिडची गोळी घेतली तर रक्तदाबाची गोळी सुटेल का? तुम्हीही तेच विचारलेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. पहिल्याचे मात्र इतके झटपट देता येत नाही.

यूरिक ॲसिडचे विघटन करणारे यूरिकेज हे एन्झाइम माणसात उत्क्रांतीच्या ओघात निकामी झाले, उंदरांत ते शाबूत आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ते औषधाने अडवले, तेव्हा उंदरांचे यूरिक ॲसिड थोडेसेच वाढले, पण रक्तदाब चढला, आणि औषध थांबवताच उतरला. रक्तवाहिन्या सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड कमी होणे आणि मूत्रपिंडातून रेनिन हे रक्तदाब वाढवणारे द्रव्य अधिक स्रवणे, ही त्यामागची कारणे दिसली. ही स्थिती लांबली तर मूत्रपिंडातील सूक्ष्म धमन्या जाड होतात, आणि मग यूरिक ॲसिड खाली आणूनही रक्तदाब उतरत नाही. मला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण माणसांवरील परस्परविरोधी निष्कर्षांची संगती त्याने काही अंशी लागू शकते: २००८ च्या एका चाचणीत, नुकताच उच्च रक्तदाब आढळलेल्या ३० किशोरवयीनांपैकी २० जणांचा रक्तदाब यूरिक ॲसिड कमी करणाऱ्या ॲलोप्युरिनॉल या औषधाने सामान्य झाला, नकली गोळीने केवळ एकाचा, प्रौढांत मात्र असे यश सातत्याने मिळाले नाही, आणि जनुकीय अभ्यासांतूनही थेट कार्यकारणभावाला भक्कम आधार मिळालेला नाही.

शिवाय हे चक्र उलटेही फिरते. उच्च रक्तदाबाने मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटला की यूरिक ॲसिड बाहेर पडणे मंदावते, आणि लठ्ठपणा तर दोन्ही वाढवतो.

म्हणून केवळ रक्तदाबासाठी ॲलोप्युरिनॉल मी लिहून देत नाही; क्वचित का होईना, त्याने त्वचेवर जिवावर बेतणारी प्रतिक्रिया उमटू शकते. त्याऐवजी रक्तदाबाची कोणती गोळी चालू आहे, हे मी आधी पाहतो. लघवी वाढवणाऱ्या थायाझाइड गटातील औषधांनी यूरिक ॲसिड वाढते, तर लोसार्टन या रक्तदाबाच्याच दुसऱ्या औषधाने ते काहीसे कमी होते. गाउटचे, म्हणजे यूरिक ॲसिड साचून सांधे सुजण्याचे, झटके येणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत ही निवड खरोखर उपयोगी पडते, मात्र गोळी स्वतःहून बंद करण्याऐवजी ती डॉक्टरांकडून बदलून घ्यावी.