कायकॅड, की-कॅड आणि तीस माउस

इलेक्ट्रॉनिक सर्किटचे बोर्ड संगणकावर आखायच्या 'किकॅड' या सॉफ्टवेअरला आमच्या भोसरीत सगळे 'कायकॅड' म्हणतात. "कुठलं कॅड?" "कायकॅड!" "अहो, तेच विचारतोय, काय कॅड?" हा विनोद आमच्या ऑफिसात निदान पन्नासदा झालाय. खरा उच्चार 'की-कॅड' आहे हे पाठ असूनही शिकागोत तोंड उघडलं की आधी 'काय'च बाहेर पडायचं.

२३ एप्रिल २०१९ ला सकाळी पुण्यात मतदान केलं आणि त्याच रात्री मुंबईहून निघाले. अमेरिकेचं इमिग्रेशन अबूधाबीलाच उरकतं, त्यामुळे शिकागोच्या ओहेअर विमानतळावर उतरल्यावर बॅग उचलून थेट बाहेर. मावसभाऊ जवळच्या शॉमबर्ग उपनगरात राहतो, तोच घ्यायला आला होता. चाळिशीपार गेलेला पारा सोडून आलेली मी त्या गारठ्यात सुती कुडत्यावर उभी. वहिनीने दारातच स्वतःचा जाड कोट अंगावर टाकला आणि मग 'ये' म्हणाली.

जायचं कारण असं. पीसीबी म्हणजे सर्किट बोर्ड डिझाइन करणारे आम्ही तिघं आणि कॉलेजात शिकवणारे एक सर, असे चौघं मिळून पुण्यात किकॅड वापरणाऱ्यांचं दोन दिवसांचं संमेलन घ्यायचं म्हणून वर्षभर नुसते चहा पीत होतो. सरांचं म्हणणं, आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने किकॅड आणि सर्किट संगणकावरच चालवून बघणारं एनजीस्पाइस जोडून ई-सिम नावाचं सॉफ्टवेअर केलंय, मुलांना ते शिकवलंही जातं, मग वापरणारी माणसं एकमेकांना कधी भेटायची? तेवढ्यात २६ आणि २७ एप्रिलला शिकागोत पहिली 'किकॉन', म्हणजे किकॅडवाल्यांची परिषद, होणार असं कळलं. कुणीतरी जाऊन बघून यायचं ठरलं. फुकट राहायची सोय फक्त माझी होती.

शुक्रवारी भावाने रोझमाँट स्टेशनला सोडलं. तिथून ब्ल्यू लाइनची मेट्रो. गाडी चक्क हायवेच्या मधोमध धावते, दोन्ही बाजूंना तुंबलेल्या मोटारी. 'शिकागो' नावाच्याच स्टेशनावर उतरलं, की परिषदेची जागा, एमहब ही वस्तू बनवणाऱ्यांची सामायिक कार्यशाळा, तेव्हा चालत दोन मिनिटांवर होती. पूर्वी इथे मोटोरोलाची प्रोटोटाइपिंग लॅब होती. हॉटेलचा गालिचेवाला हॉल न घेता यंत्रं असलेली जागा घेतली, ही आयोजकांची निवड मला सगळ्यात आवडली. व्याख्यान कंटाळवाणं झालंच तर माणूस यंत्राकडे तरी बघेल.

मुख्य आयोजक ख्रिस गॅमेल, 'द अँप अवर' हा पॉडकास्ट चालवणारा. किकॅडचा म्होरक्या वेन स्टँबॉ पुढच्या आवृत्तीबद्दल बोलला. (ती सहावी आवृत्ती शेवटी २०२१ च्या नाताळच्या दिवशी आली.) फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या ज्याँ-पिएर शारास या प्राध्यापकाने १९९२ साली सुरू केलेलं हे काम. पुढे सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेने हात दिला आणि त्यातून ढकलणारा राउटर, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा (ट्रॅक) आखायचं साधन, आला. तुम्ही नवा ट्रॅक ओढलात की शेजारचे ट्रॅक आपोआप सरकतात, लोकलमध्ये चौथ्या सीटवाल्याला जागा करून देतात तसे.

कार्यशाळेत बसले आणि लक्षात आलं, माउस शॉमबर्गलाच राहिला. टचपॅडवर ट्रॅक ओढणं म्हणजे पळीने भाकरी थापणं. शेजारच्या पांढऱ्या दाढीवाल्या काकांनी न बोलता पिशवीतून दुसरा माउस काढून दिला. मग माझ्या तर्जनीकडे बघून म्हणाले, "घरी एचिंग करतेस वाटतं? फेरिक क्लोराइड?" (घरी बोर्ड करताना नको ते तांबं विरघळवायचं हे रसायन, बोटांवर डाग पाडतं.) मी म्हटलं, नाही हो, लोकशाही. मतदानाची शाई, त्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, म्हणून नखावरून जात नाही. ते इतके खूश झाले की पुढचा अर्धा तास आम्ही बोर्डाऐवजी शाईवरच बोललो.

पण त्या ओळखीमुळे मी माझी जुनी लाज सांगू शकले. पहिल्या मोठ्या ऑर्डरला मी कारखान्याला बोर्डाच्या थरांच्या गर्बर फाइली पाठवल्या आणि भोकं कुठे पाडायची ते सांगणारी ड्रिल फाइल विसरले, कारण किकॅडमध्ये ती वेगळं बटण दाबून काढावी लागते. दोनशे बोर्ड आले, एकालाही भोक नाही. काका शांतपणे म्हणाले, "माझे पन्नास होते." टेबलावरच्या आणखी दोघांनी आपापले आकडे सांगितले. हे पुण्यात बसून कुणी कुणाला सांगितलं नसतं. मी वहीत लिहिलं: भाषणं कमी, टेबलं जास्त, मधली सुट्टी लांब.

शनिवारी पडदा सारला तर बर्फ पडत होता. एप्रिलच्या २७ तारखेला! वहिनी म्हणाली, "इकडे असंच." तिचाच कोट घालून परत गेले.

परतीच्या विमानात वही भरली. प्रत्येक खुर्चीला एक प्लग, म्हणजे किमान दहा एक्स्टेंशन बोर्ड. सॉफ्टवेअर घरूनच टाकून आणायला सांगायचं, नाहीतर थ्रीडी मॉडेलं उतरवून घेताना हॉलचं वायफाय पहिल्या दहा मिनिटांत झोपणार. जेवण साडेबाराला, पुण्यात एक वाजला की वक्त्याकडे कुणी बघत नाही. गणपती, पाऊस, कॉलेजच्या परीक्षा टाळायच्या. पैशांचं कोडं मात्र सुटेना. मंडळाची वर्गणी मागायला मला लाज वाटत नाही, तिथे बाप्पा पाठीशी असतो. 'प्रायोजक व्हा' म्हणताना जीभ अडखळते. ते काम सरांच्या गळ्यात घातलं.

आणि तीस माउस. ते मी स्वतः, तपकीर गल्लीत घासाघीस करून घेतले.

तारीख ठरली २१ आणि २२ मार्च २०२०.

मार्चच्या मध्यावर शहर बंद व्हायला लागलं तेव्हा आम्हीच सगळ्यांना 'येऊ नका' असे फोन केले. त्या २२ तारखेला तर जनता कर्फ्यू होता. हॉलवाल्यांनी अनामत रक्कम न मागता परत केली. माउस ऑफिसच्या कपाटात आहेत. मध्यंतरी ऑफिसातला एक माउस चालेना म्हणून नवं पाकीट फोडायला गेले, तर सर म्हणाले, "त्याला हात लावायचा नाही, ते संमेलनाचे आहेत."