पीव्हीसी पेंडिंगच: घरच्या कुबरनेटिस क्लस्टरवरचा माझा अनुभव

लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्सची तीन आभासी मशिन्स (नोड) आणि त्यांवर कुबअ‍ॅडम या टूलने उभा केलेला कुबरनेटिसचा, म्हणजे कंटेनरमधली अ‍ॅप्स अनेक मशिन्सवर चालवणाऱ्या यंत्रणेचा, क्लस्टर. उभारणीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, ती सुरळीत झाली. डोकं खाल्लं ते स्टोरेजने.

कुबअ‍ॅडमच्या कोऱ्या क्लस्टरमध्ये स्टोरेजक्लास, म्हणजे साठवणुकीची जागा कशी द्यायची ते सांगणारी व्याख्या, नसतो. मिनिक्यूब किंवा के३एस या छोट्या, तयार कुबरनेटिसमध्ये तो आयता मिळतो, त्यामुळे तिथून येणारा इथे हमखास चक्रावतो. मी एका वर्करवर (अ‍ॅप्स चालवणाऱ्या मशिनवर) फोल्डर केलं, नो-प्रोव्हिजनरचा (जागा आपोआप न बनवणारा) क्लास लिहिला, पोस्टग्रेस डेटाबेससाठी १० जीबीचा लोकल पीव्ही (पर्सिस्टंट व्हॉल्यूम, म्हणजे टिकाऊ साठवणुकीची जागा) हाताने बनवला. मस्त चाललं. पुढे सिक्रेटसकट (त्यात पासवर्ड असतो) सगळं नव्याने मांडायचं होतं, म्हणून नेमस्पेस (हे सगळं ठेवलेला क्लस्टरमधला कप्पा) पुसली आणि यामल, म्हणजे मांडणीच्या फाइल्स, पुन्हा लावली.

पीव्हीसी (पीव्हीची मागणी करणारा क्लेम) पेंडिंग. पॉडही (अ‍ॅपचा कंटेनर ज्यात चालतो तो) पेंडिंग.

डिस्क्राइब कमांडने दोन्हींचा तपशील बघितला. पीव्हीसी म्हणतो, पॉडला नोड मिळायची वाट बघतोय. पॉड म्हणतो, एकाही नोडवर जोडण्याजोगा व्हॉल्यूम नाही. सरकारी कचेरीत या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवतात, तसंच. आणि पीव्ही तर समोर दिसतोय! साइज तीच, क्लास तोच, अ‍ॅक्सेस मोड तोच. नेटवर शोधावं तर कुणी सांगतं क्युबलेट (प्रत्येक नोडवरची कुबरनेटिसची सेवा) रीस्टार्ट करा, कुणी म्हणतं मशिन्सच रीबूट करा. तेही केलं. ढिम्म.

उत्तर पीव्हींची यादी देणाऱ्या गेट पीव्ही कमांडच्या स्टेटस रकान्यात होतं: रिलीज्ड. हाताने बनवलेल्या पीव्हीची रिक्लेम पॉलिसी वेगळं काही लिहिलं नाही तर रिटेन, म्हणजे क्लेम गेला तरी पीव्ही जपून ठेवा अशी, असते. क्लेम पुसला तरी पीव्हीच्या क्लेमरेफ या नोंदीत जुन्या क्लेमचं नाव, नेमस्पेस आणि यूआयडी (एकमेव ओळख क्रमांक) तसाच राहतो. नव्या क्लेमचं नाव तेच असलं तरी यूआयडी निराळा, म्हणून जोडणी होत नाही. आतला डेटा भलत्याच्या हाती पडू नये म्हणून ही काळजी, आणि ती रास्तच आहे. पण इव्हेंटमध्ये तेवढी एक ओळ लिहायला काय हरकत होती?

कुबसीटीएल एडिट पीव्ही करून क्लेमरेफमधला यूआयडी आणि रिसोर्स व्हर्जन काढा, नाव आणि नेमस्पेस राहू द्या. म्हणजे पीव्ही त्याच क्लेमसाठी राखीव राहतो, मध्येच दुसरा कुणी पटकावत नाही. मी सेव्ह केलं आणि बघता बघता बाउंड झालं. त्या क्षणी खुर्चीतून उठून चहा टाकला.

हो, एक राहिलंच: लोकल पीव्ही नोडच्या नावाला बांधलेला असतो. वर्करचं मशिन दुसऱ्या नावाने उभं केलंत तर हाच पेंडिंगचा खेळ पुन्हा. आणि डेटा मशिनच्याच डिस्कवर असेल तर मशिन पुसून टाकणाऱ्या वॅग्रंट डिस्ट्रॉय कमांडबरोबर (वॅग्रंट म्हणजे आभासी मशिन्स उभारायचं टूल) तोही जातो. आधी डेटाबेसचा डम्प, म्हणजे प्रत, काढा.

चहा होईपर्यंत अ‍ॅपमध्ये पासवर्ड चुकीचा असल्याची एरर आली होती. फोल्डरमध्ये जुना डेटाबेस असला की पोस्टग्रेसची अधिकृत इमेज इनिशियलायझेशन वगळते, सिक्रेटमधला नवा पासवर्ड लागूच होत नाही. पॉडमध्ये शिरून पोस्टग्रेसच्या पीएसक्यूएल टूलमधून ऑल्टर यूजर कमांडने पासवर्ड बदलला, मग अ‍ॅप जोडलं गेलं.