विंडिशएशेनबाखची 9101 मीटर खोल बोअर: एका तापमानाच्या शोधात

न्युरेंबर्गहून वायडेनमार्गे पॅसेंजर गाडीने विंडिशएशेनबाखला गेलो. जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातील या लहानशा गावाबाहेर 83 मीटर उंचीचा पोलादी मनोरा उभा आहे. त्याच्याखाली पृथ्वीच्या कवचाचा अभ्यास करण्यासाठी 1990 ते 1994 या काळात 9101 मीटर खोल बोअर घेण्यात आली आणि तळाशी सुमारे 265 अंश सेल्सिअस तापमान आढळले.

हा आकडा हाती कसा आला, हेच मला पाहायचे होते. खणताना बोअरमधून सतत फिरवला जाणारा गाळासारखा द्रव तळाचा खडक थंड करतो आणि वर येताना उथळ भागातला खडक तापवतो. त्यामुळे खणणे थांबताच घेतलेले माप तळाशी खऱ्यापेक्षा कमी भरते. म्हणून काही तासांच्या अंतराने पुन्हा पुन्हा मोजून, तापमान कसे चढत जाते ते आलेखावर मांडून, ते अखेर कुठे स्थिरावेल याचा हिशेब करतात. नोंदी उपकरण खाली सोडतानाच घेणे चांगले, कारण ते वर ओढताना आतला द्रव ढवळला जातो. उपकरणातील इलेक्ट्रॉनिक भाग थर्मासच्या बाटलीसारख्या निर्वात कवचात ठेवले, तरी एवढ्या उष्णतेत ते काही तासच तग धरतात.

मला सर्वांत रोचक वाटली ती शेजारची 4000 मीटरची प्राथमिक बोअर. ती 1987 ते 1989 मध्ये घेतली होती. उथळ विहिरींवरून बांधलेल्या अंदाजापेक्षा तिथे बरीच जास्त उष्णता, तळाशी जवळजवळ 118 अंश, निघाली आणि मुख्य बोअरचे उद्दिष्ट कमी करून सुमारे 10 किलोमीटरवर आणावे लागले. उथळ मापांवर विसंबून खोलीचे गणित मांडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

जाणाऱ्यांनी माहिती केंद्राच्या वेळा आधी पाहून घ्याव्यात. माझ्या फेरीतील निवेदन जर्मनमध्ये होते, त्यामुळे इंग्रजी फेरी हवी असल्यास आधीच विचारावे. नुसता मनोरा पाहून परतू नये. खडकांचे नमुने सावकाश पाहण्यासाठी किमान अर्धा दिवस हाताशी असावा. गावात त्सॉइगल नावाची घरगुती बिअर मिळते, परंतु ती देणारी घरे पाळीपाळीने उघडतात. दारावर षट्कोनी तारा टांगलेला दिसला, तरच आत शिरावे.