आमची वाटचाल: आधी हवेचा रस्ता, मग पंखे

दहा पंखे लावले की कॉम्प्युटरचं मशीन थंड राहतं, ही समजूत या धंद्यात आम्ही पसरवली नाही. तिची किंमत मात्र आम्ही मोजली.

असेंबल्ड डेस्कटॉप बांधायचं काम आमची फर्म ८० मिमीच्या किरकिऱ्या पंख्यांच्या काळापासून करते आहे. तेव्हा कॅबिनेटला मागे एक आणि फार तर पुढे एक पंखा असायचा. पेंटियम ४ चे २००४ सालचे प्रेस्कॉट प्रोसेसर शंभर वॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकायचे. त्यावर उपाय म्हणून इंटेलने हवेचा मार्ग सरळ करणारी बीटीएक्स रचना आणली आणि २००६ मध्ये ती गुंडाळली, कारण नवे प्रोसेसर कमी तापू लागले. रचना गेली, पण तिच्यातला मुद्दा खरा होता: हवा कुठून आत येते, कशाकशावरून जाते आणि कुठून बाहेर पडते हे आधी ठरवा. आमचं सगळं काम त्यावर उभं आहे.

सुरुवातीचे आमचे भागीदार मोटर रिवाइंडिंगमधून आलेले. त्यांच्या लेखी पंखा म्हणजे आधी मोटर, पाती नंतर. टेबलावरची शिस्त त्यांनी लावली, ती आजही तशीच आहे. खोक्यातून काढलेला पंखा आमच्याकडे थेट कॅबिनेटला लागत नाही. तीन पिनचा असेल तर आधी बेंच सप्लायला (व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या पुरवठ्याला) जोडायचा, ३ व्होल्टपासून हळूहळू चढवत न्यायचं आणि कितीला फिरायला लागला ते चौकटीवर पेन्सिलीने लिहायचं. बरा पंखा ५ व्होल्टच्या आसपास सुटतो. ७ ओलांडूनही बसून राहिला तर परत. मग पूर्ण १२ व्होल्टवर उभा, आडवा आणि पालथा चालवून कान लावायचा. पालथा केल्यावर सूर बदलला तर बेअरिंग सैल आहे.

चार पिनच्या पंख्याचं व्होल्टेज उतरवायचं नसतं. त्याला १२ व्होल्ट कायम मिळतात आणि वेग ठरतो चौथ्या तारेवरच्या २५ किलोहर्ट्झच्या पीडब्ल्यूएम (झटपट चालू-बंद होणाऱ्या) सिग्नलवर. २० टक्क्यांना तो टिकटिक करत फिरला तर शांत मशीनमध्ये त्याला जागा नाही. ही तपासणी पाचेक मिनिटांची असते. वायरी बांधून झालेलं मशीन पुन्हा खोलायचं म्हणजे तास जातो, आणि गिऱ्हाइकाचा विश्वास जातो तो वेगळाच.

बाकीची हत्यारं साधी आहेत: दोन नंबरचा चुंबकी स्टार पेचकस, व्हर्नियर, वायर कटर, तापमान मोजायचा थर्मोकपलचा मीटर आणि टिश्यू पेपरच्या पट्ट्या. यातल्या व्हर्नियरला कमी लेखू नका. १२० मिमी पंख्याची भोकं १०५ मिमी अंतरावर असतात, १४० ची १२४.५ वर; कॅबिनेटच्या पत्र्यात दोन्हींसाठी खाचा असल्या तरी पंखा बसल्यावर कडेला फट राहते आणि तिथून हवा मागे फिरते. लिक्विड कूलरच्या रेडिएटरवर पंखा कसताना तर मोजमाप हवंच. २५ मिमी जाडीच्या पंख्याला साधारण ३० मिमीचा स्क्रू लागतो. तोच स्क्रू १५ मिमीच्या पातळ पंख्यातून घातला तर तो रेडिएटरची नळी फोडतो, मग नवीन रेडिएटर आणण्याशिवाय इलाज नाही. कॅबिनेटचे जाड स्क्रू पंख्याच्या प्लास्टिकमध्ये स्वतः आटे पाडत जातात, म्हणून ते सरळ धरून समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीने कसायचे. फार आवळले की चौकट पिळते आणि पातीचं टोक घासायला लागतं. दिशेबद्दल ज्यांना अजून शंका येते त्यांच्यासाठी: मोटरला धरून ठेवणाऱ्या दांड्या ज्या बाजूला, त्या बाजूने हवा बाहेर पडते.

मधली बरीच वर्षं सुरळीत गेली. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

मग काचेच्या कॅबिनेटची लाट आली, आणि तिच्यावर बसून एक स्पर्धक आला. त्याचं नाव इथे घेणार नाही. या धंद्यातल्या लोकांना ते सांगायची गरजही नाही. पुढे काच, बाजूला काच, आत दहा रंगीत पंखे, आणि जाहिरातीत ठळक आकडा पंख्यांचा. आमच्या मशीनमध्ये पुढे १४० मिमीचे दोन आणि मागे एक असे तीन पंखे. गिऱ्हाईक दोन्ही फोटो शेजारी ठेवून विचारायचं, ‘तुमच्यात तीनच का?’ उत्तर द्यायला आम्हाला अर्धा तास लागायचा. त्याला एक फोटो पुरायचा.

ते उत्तर इथे सविस्तर देतो. २०१६ चं जीटीएक्स १०८० कार्ड १८० वॅटचं होतं, २०२० चं आरटीएक्स ३०८० झालं ३२० चं, आणि २०२२ चं ४०९० गेलं ४५० वर. प्रोसेसर धरून कॅबिनेटमध्ये ५०० वॅट उष्णता आहे असं समजा. आतली हवा बाहेरच्यापेक्षा १० अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर दर तासाला सुमारे १५० घनमीटर, म्हणजे ८८ सीएफएम (दर मिनिटाला घनफूट) हवा खरोखर आरपार जायला हवी. ‘खरोखर’ म्हणतो, कारण खोक्यावरचा सीएफएम मोकळ्या हवेतला असतो. पुढे जाळी, फिल्टर आणि काच आली की त्यातला निम्मा हाती लागला तरी पुष्कळ. पुढची काच आणि चौकट यांच्यात बोटभर फट असेल तर तिच्यामागे तीन लावा की सहा लावा, हवा त्या फटीतूनच यायची. आजमावायला अगदी सोपं आहे. ग्राफिक्स कार्ड पंधरा मिनिटं पूर्ण लोडवर ठेवा, तापमान टिपा, पुढची काच काढा, पुन्हा पंधरा मिनिटं थांबा. पाच अंश किंवा त्याहून जास्त उतरलं तर दोष पंख्यांचा नाही, काचेचा आहे.

दहा पंख्यांच्या मशीनमध्ये आणखी एक गोष्ट हमखास दिसायची: वरच्या बाजूला पुढच्या टोकाशी बाहेर फेकणारा पंखा. पुढून आलेली ताजी हवा प्रोसेसरच्या कूलरपर्यंत पोचायच्या आतच तो ती वर ओढून घेतो. अशी मशीन दुरुस्तीला आमच्याकडे यायची तेव्हा तो एक पंखा काढला की प्रोसेसर थंड व्हायचा. वायरिंग तर विचारू नका. मदरबोर्डच्या पंख्याच्या हेडरची (पंखा जोडायच्या पिनांची) क्षमता साधारण १ अँपिअर, आणि दिवेवाले पंखे पाव अँपिअर धरले तरी दहांचे अडीच. ते सगळे स्प्लिटरने (एका जोडाचे अनेक करणाऱ्या तारेने) एका हेडरवर लोंबकळत ठेवलेले. असे पंखे साटा पॉवरच्या, म्हणजे पॉवर सप्लायमधून थेट वीज घेणाऱ्या, हबवरच जोडावेत. स्प्लिटर वापरायचाच असेल तर त्याच्या एकाच तोंडाला टॅकोची (वेग कळवणारी) तार हवी. दोन पंख्यांचे ठोके एकाच पिनवर आले की बोर्ड भलताच आरपीएम (मिनिटाचे फेरे) दाखवतो. आणि ५ व्होल्टच्या तीन पिनी दिव्यांचा प्लग १२ व्होल्टच्या चार पिनी हेडरमध्ये कोंबला की दिवे जळतात. हे नऊ वेळा बजावा, दहाव्या वेळी कोणीतरी कोंबतोच.

पंखे वाढवायला आमचा विरोध नव्हता, आजही नाही. वेग निम्मा केला की पंख्याचा आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. तेवढाच आवाज करणारा दुसरा पंखा शेजारी लावला तर ३ डेसिबलच वाढतो. म्हणजे जोरात फिरणाऱ्या एकापेक्षा सावकाश फिरणारे दोन केव्हाही चांगले. फक्त ते दोघे एकाच दिशेने काम करत असले पाहिजेत.

याच काळात फर्म बुडायची वेळ आली, आणि ती स्पर्धकामुळे नाही. एका पुरवठादाराकडून १२० मिमी पंख्यांचा मोठा लॉट घेतला होता. खोक्यावर फ्लुइड डायनॅमिक बेअरिंग (दांडा तेलाच्या थरावर फिरवणारं) लिहिलेलं, बेंचवर प्रत्येक पंखा उत्तम चाललेला. काही महिन्यांत तक्रारी सुरू झाल्या, आणि सगळ्या एकाच जागेवरून: छताला आडवा बसवलेला पंखा. आधी गार मशीन सुरू करताना खरखर, मग सतत घरघर, मग पंखा ठप्प. परत आलेला एक पंखा घेऊन मागचं स्टिकर सोललं. खाली साधी पितळी बुशी, तिच्या कडेला तपकिरी, चिकट झालेलं तेल, आणि पाती बोटाने वर-खाली केली तर स्पष्ट हलत होती. हे सरळ स्लीव्ह बेअरिंग होतं. पंखा उभा असतो तेव्हा ते बरीच वर्षं काढतं. आडवा केला आणि त्यात गरम हवा लागू दिली की तेल निघून जातं आणि दांडा कोरडा घासत राहतो. नवा असताना त्याचा आवाज महागड्या पंख्याइतकाच कमी असतो, म्हणून बेंचवर ते पकडता येत नाही.

पुरवठादाराने हात वर केले. पंखा आडवा लावणं हा ‘चुकीचा वापर’ असल्याचं त्याने लेखी कळवलं. ते पत्र अजून जपून ठेवलं आहे. तक्रार येवो न येवो, त्या लॉटमधला प्रत्येक पंखा आम्ही शोधून स्वतःच्या खर्चाने बदलून दिला. खेळतं भांडवल त्यातच संपलं. भागीदार वेगळे झाले, भांडण न होता. आणि स्पर्धक तेव्हा सांगत फिरत होता की यांचे तीन पंखेसुद्धा चालत नाहीत. त्याच लॉटचे पंखे त्याच्याही मशीनमध्ये होते, छतालाच.

तेव्हापासून आडव्या जागेसाठी आम्ही फक्त ड्युअल बॉल बेअरिंग किंवा खात्रीचं फ्लुइड बेअरिंग वापरतो, आणि नव्या लॉटमधला एक पंखा सोलून बघितल्याशिवाय बाकीचे घेत नाही.

त्या पडत्या काळात एक गिऱ्हाईक टिकून राहिलं. हे गृहस्थ आवाजाचं रेकॉर्डिंग करतात. माइक आणि कॅबिनेट एकाच खोलीत. मशीनचा आवाज शून्य करा असं ते कधीच म्हणाले नाहीत. त्यांचं म्हणणं असं की एकसारखी घूं सॉफ्टवेअर पुसून टाकतं, कारण तिचा नमुना त्याला एकदा घेता येतो. चढउतार करणारा पंखा मात्र वाक्यावाक्याला वेगळा ऐकू येतो. आमची आजची पंख्यांची सेटिंग या एका तक्रारीतून घडली.

प्रोसेसरचं तापमान ब्राउझर उघडला तरी क्षणात दहा-पंधरा अंशांनी उडी मारतं. कॅबिनेटचे पंखे त्याच्यामागे पळवण्यात अर्थ नाही, कारण आतली हवा इतक्या झटपट तापत नाही. बोर्ड परवानगी देत असेल तर पुढचे पंखे ग्राफिक्स कार्डाच्या तापमानावर लावा. देत नसेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) वेग चढण्याचा विलंब शक्य तितका जास्त ठेवा आणि हिस्टेरेसिस (वेग बदलण्याआधी तापमान किती हलू द्यायचं ते अंतर) ४-५ अंशांचा द्या. तापमानानुसार पंख्याच्या वेगाची आमची सुरुवातीची रेषा अशी असते: ५० अंशांपर्यंत ३० टक्के सपाट, ६५ ला ४५, ७५ ला ६०, ८५ ला १००. मग पंख्याचा वेग हाताने ५०-५० आरपीएमने चढवत जायचं आणि बाजूचा पत्रा कुठे गुणगुणतो ते टिपायचं. प्रत्येक कॅबिनेटचा असा एखादा पट्टा असतो. समजा तो ७०० ते ७८० मध्ये आहे, तर तेवढ्या भागात रेषा जवळजवळ उभी करायची, म्हणजे पंखा तिथे रेंगाळत नाही.

दुसरी गोष्ट, शेजारच्या दोन पंख्यांची. सात पातींचे दोन पंखे, एक १००० आरपीएमवर आणि दुसरा १०१० वर: त्यांचे सूर ११६.७ आणि ११७.८ हर्ट्झ. दोन्ही मिळून सेकंदाला साधारण एकदा ‘वूंऽ-वूंऽ’ असा हेलकावा येतो, आणि तो माइकमध्ये उतरतो. दोघांत शंभरेक आरपीएमचा फरक मुद्दाम ठेवला की हेलकावा जातो. या गृहस्थांनी आमच्याकडून मशीन बदलून घेतलं, वाढवून घेतलं, ओळखीच्यांना पाठवलं, आणि दरवेळी पहिला प्रश्न हाच विचारला की दोन पंख्यांत फरक ठेवलाय ना.

ही रेषा आम्ही छापून मशीनसोबत देऊ लागलो. काही काळाने तोच कागद, तेच आकडे, स्पर्धकाच्या खोक्यातून निघाला. त्याच्या काचेमागच्या पंख्यांना ३० टक्क्यांवर हवाच मिळत नाही, त्यामुळे त्याची मशीन तापायला लागली आणि बोल लावला गेला आमच्या सेटिंगला. याचं वाईट अजून वाटतं. आकडे कोणाचेही उचला, पण ते मेश (जाळी) असलेल्या पुढच्या भागासाठी आहेत हे तरी खाली छापा.

जाता जाता, लिक्विड कूलर लावणाऱ्यांसाठी: आतली हवा नेहमी सर्वांत उंच जागी जमते, म्हणून पंप ती जागा असू देऊ नका. रेडिएटर छताला लावा, किंवा पुढे लावत असाल तर त्याचं वरचं टोक पंपापेक्षा उंच ठेवा. नाहीतर पंप बुडबुडे गिळत कुरकुरतो आणि लवकर मरतो.

आणि फिल्टर धूत जा. नव्या मशीनमध्ये आत येणारी हवा बाहेर जाणारीपेक्षा थोडी जास्त ठेवलेली असते. पुढचा फिल्टर धुळीने भरला की हे गणित उलटतं आणि हवा प्रत्येक फटीतून, फिल्टर चुकवून, धुळीसकट आत येते. ग्राफिक्स कार्डाखालच्या रिकाम्या स्लॉटच्या जाळीशी बाहेरून टिश्यूची पट्टी धरा: बाहेर उडाली तर ठीक, जाळीला चिकटली तर फिल्टर काढायची वेळ झाली. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवा, मोकळी सोडलीत तर पंखा ठरलेल्या वेगाच्या कितीतरी पुढे पळतो आणि बेअरिंग जातं. फिल्टर धुऊन पूर्ण वाळवून बसवल्यावरही पट्टी चिकटतच असेल, तर मागच्या पंख्याचा वेग पाच-पाच टक्क्यांनी उतरवत जा, ती सुटेपर्यंत.