तुंगनाथाला घोड्यावरून

मावशीच्या आळंदी-पंढरपूरच्या अकरा वाऱ्या झाल्यात. मी गोरेगावकर. माझं चालणं म्हणजे स्टेशनचा पूल, आणि पावसाळ्यात एकदा कळसूबाई. तरी निघताना मीच तिला बजावत होतो, "मावशी, हिमालय आहे, दिवे घाट नव्हे."

वांद्र्याहून हरिद्वार, पुढे जीपनं देवप्रयाग, रुद्रप्रयाग, उखीमठ करत चोपता. अंग पार आंबलं. "चोवीस तास गरम पाणी" म्हणून ज्यांनी पैसे घेतले होते, त्यांनी पहाटे चुलीवरची एक बादली दोघांत दिली.

तुंगनाथ हा पंचकेदारांतला, म्हणजे गढवालातल्या शिवाच्या पाच देवळांतला, तिसरा. शिवाचे बाहू इथं प्रकटले, अशी श्रद्धा. वाट जेमतेम 4 किलोमीटर, फरसबंदी, त्यामुळे फसायला होतं. पण चढ सलग आणि देऊळ 3,680 मीटरवर. आपलं कळसूबाई 1,646!

मी झपाझप पुढे जायचो आणि दगडावर बसायचो. मावशी हरिपाठ पुटपुटत यायची, न थांबता पुढे जायची. दोनदा पाणी विचारलं, तिसऱ्यांदा बघितलंसुद्धा नाही. बुरांसाची झाडं संपून उघडी कुरणं लागली तशी माझी छाती भात्यासारखी हलू लागली, कानांत शिट्टी. खेचरवाला पोरगा मागेच होता. "बैठ जाओ भैया." बसलो. खेचर नेमकं दरीच्या कडेनंच चालतं, का ते त्यालाच ठाऊक. मी डोळे मिटून त्याच्या गळ्यातली घंटा ऐकत राहिलो.

मावशी माझ्यामागून वीस मिनिटांत वर. कपाळावरचा बुक्का घामानं ओघळलेला, बाकी काही नाही.

देऊळ लहान, दगडी. वाकूनच आत जायचं. हिवाळ्यात इथं बर्फ पडतं, तेव्हा देवाची डोली खाली मक्कूमठला जाते, हे कळल्यावर मावशी पुजाऱ्यांना सोडेचना. खांदा कोण देतं? मुक्काम कुठं? बायका चालतात का? मोडक्या हिंदीत अर्धा तास. मागची रांग खोळंबली.

उतरताना गुडघ्यांनी माझा जीव घेतला, पण चाललो. गोरेगावला पोचेपर्यंत ती काही बोलली नाही. मग बिल्डिंगच्या जिन्यात, शेजारच्या काकूंसमोर:

"रिंगणात माउलीच्या घोड्यावर कुणी बसत नाही हो. आमचा हा बसला."